आतली बाजू

निवतीच्या धक्क्यावर, दुपारी दोन ते रात्री दहा.
जाकिटाच्या आत मार्करनं लिहिलंय: एल, क्रमांक सात,
आणि त्याखाली कुणीतरी पुसट: धुरी.
धुरींची बदली होऊन दोन पावसाळे गेले,
त्यांचा घाम अजून इथेच ड्युटीवर.

एक पाटी पुढे, एक मागे.
माप पुरुषाचं; छातीशी दाटतं, खांद्यांवर लोंबतं.
वेल्क्रो सोडला की चर्रकन आवाज होतो
आणि धक्क्यावरची मांजरं पळतात.

पहिल्या आठवड्यात मी पावडर मारली. चूक.
तासाभरात तिचं पीठ, मग पिठाची लापशी,
कमरेपासून मानेपर्यंत घामोळं,
तांदळाच्या कण्यांसारखं.
हवालदार मेस्त्री म्हणाले, आतून नायलॉन नको,
सुती बनियन घाल, तोही उलटा, शिवण बाहेर.
दुसरा पिशवीत ठेव, सहाला बदल.
तहान लागायची वाट बघू नकोस.
आणि जाकीट उन्हात टाकू नकोस कधी,
ऊन सोसत नाही त्याला.

गोळी सोसेल म्हणतात.
मला अजून बघायची वेळ आलेली नाही.

चारला वारा पडला.
होड्यांचे कागद बघताना हनुवटीवरून एक थेंब
तांडेलाच्या परवान्यावर,
नेमका त्याच्या नावावर. शाई फुटली.
तो म्हणाला, असांदे, दर्यात रोजच भिजता.

अनसूया खवणेकर सुकट पालथी करत होती.
तिनं माझी पाठ बघितली,
गणवेशावर उमटलेल्या मिठाच्या रेघा,
एकीच्या आत दुसरी, ओहोटीच्या वाळूसारख्या.
'गे बाय, ह्येच्यातसून वारो खंयसून जातलो?'
बुडाखालचं जुनं जाळं ओढलं,
कोयतीनं हातभर कापलं,
चार पदरी दुमडून माझ्या हातात दिलं.
'भुतूर घाल. मासो अडाकता ह्येच्यात, वारो नाय.'

रात्री तीनदा धुतलं. वास गेला नाही.
जुन्या ओढणीची खोळ घालून टाके मारले,
गाठी पाठीला टोचू नयेत म्हणून.
दुसऱ्या दिवशी पाटी आणि पाठ यांच्यात
बोटभर जागा होती.
गार नव्हतं काही. पण चालताना
आत काहीतरी हलत होतं,
बंद खोलीत कुणी सूप पाखडावं तसं.

मेस्त्रींनी वाकून बघितलं. नियमात बसतं का,
विचारलं नाही. चहा संपवला.
मग म्हणाले, तिच्याकडे अजून आहे का तुकडा?

दहा वाजता मी बंद सोडते.
जाळं घडी करून डब्यात,
जाकीट बाकावर उघडं, आतली बाजू वर.
रात्रपाळीचा पेडणेकर हात लावून बघतो.
ओलं आहे, म्हणतो.

थांब जरा, मी म्हणते.
मतलई सुटू दे.