सांतानची घडी

जायच्या आदल्या संध्याकाळी सांतानला विचारलं,
दोनशे माणसं वर नेतात
तर दोनशे पॅराशूट का नाही नेत?

तो बाल्कांवात बसून चादरीची घडी घालत होता.
एकतीस वर्षं दाबोळीच्या तळावर त्यानं हेच केलं.
लांबच लांब टेबलावर कापड पसरायचं,
दोऱ्या विंचरायच्या, मोजायच्या,
पिशवीत दडपून वर गाठ, आणि कार्डावर सही.
ती सही पाठीवर बांधून पोरं आभाळात जायची.
तो स्वतः कधी गेला नाही.
माडावरसुद्धा चढलेला नाही.

"आधी सांग बाय, दार कोण उघडणार?
तेवढ्या उंचीवर आतली हवाच दाराला चौकटीत ठोकून बसवते.
दहा जण लोंबकळा, हलायचं नाही.
बरं, उघडलं.
बाहेर ताशी आठशेचा वारा, उणे पन्नासची थंडी,
श्वासाला हवा नाही, दोरी शोधेपर्यंत शुद्ध जाते.
आणि आत म्हापशाचा शुक्रवार,
कुणाची पिशवी, कुणाचं पोर, कुणाचा दुखरा गुडघा.
रांग लावशील?"

मी म्हटलं, खाली असताना तरी.

"खाली असतानाच तर बहुतेक घोळ होतात,
चढताना नाहीतर उतरताना.
तेव्हा पॅराशूट जांभई देईस्तोवर
जमीन येऊन पोचते."

तरी एक असावं ना, मनाच्या समाधानाला?

"समाधानाला फेस्तात फुगे मिळतात,"
तो म्हणाला, आणि चादर परत उलगडली.
एका कोपऱ्यात वळ राहिला होता.

मग बराच वेळ काही बोलला नाही.
वरून मुंबईचं विमान गेलं, ताटल्या वाजल्या,
कुत्र्यानं मानही उचलली नाही.

"एकदा एक पोरगा आला. ओठ फाटलेला,
हातात काजूची बाटली.
म्हणाला, तुमची घडी उघडली, अंकल.
मिठी मारली, रडला, गेला.
मी कार्ड काढून तारीख बघितली.
त्या दिवशी आमच्या फिलूला ताप होता, एकशे चार.
मी टेबलापाशी उभा होतो, हात चालत होते,
डोकं सगळं तिच्या उशाशी.
घडी कशी घातली, आजही आठवत नाही.
बाटली अजून कपाटात आहे. उघडली नाही."

"आता बोल.
दोनशे घड्या, रोज, प्रत्येक विमानाला.
ज्याच्या घरी कुणाला ताप नाही
असा माणूस आणायचा कुठून?"

मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

"आणि विमानाला पंख असतात, ते विसरलीस.
मालवणच्या वर दोन्ही इंजिनं गप्प झाली
तरी ते दगडासारखं पडत नाही.
घरंगळत घरंगळत दाबोळीला येऊ शकतं.
म्हणून पैसे पंखांवर घालतात,
तपासणीवर, वैमानिकाच्या सरावावर.
सगळ्यांची मिळून एकच घडी.
तिच्यावर एकट्या सांतानची सही नको."

निघताना म्हणाला, उजवीकडे बस.
गच्चीवर ही चादर वाळत टाकीन, तेवढीच खूण.

सकाळी माझी जागा डावीकडे निघाली.
बाईंनी हसत हसत पिवळं जाकीट दाखवलं,
सीटखाली असतं, फुंकून फुगवायचं,
शिट्टीसुद्धा आहे त्याला.
मी खाली हात घालून पिशवी चाचपली.
कुणीतरी घडी घातली होती.
कडा कडेला लागलेली. नीट.

चाकं सुटली.
माझ्या बाजूला बोगमाळ्याचं पाणी,
दोन होड्या, पांढरी रेघ.
पलीकडच्या खिडकीत एक मनुष्य
घोरायला लागला होता, डोकं काचेला टेकून,
आणि चिखलीतली सगळी छपरं त्याच्या केसांमागून
एकेक करून सरकत गेली.