जकात

कोपरीच्या नाक्यावर बाबांनी एकोणतीस वर्षं
ताडपत्री न उचलता माल ओळखला.
टायर किती बसलाय, ड्रायव्हर कुठे बघायचं टाळतोय
यावरून.

आता खारेगावच्या गॅलरीतून बायपासवरचे कंटेनर मोजतात
आणि विचारतात, "तुझा माल कुठला?"

मी स्क्रीन वळवते.
एका दीर्घिकेच्या गाभ्यातले क्ष-किरण,
चौदा कोटी वर्षं चालून आलेले.
दीड दिवस दुर्बीण धरून वेचलेत.
आलेख सरळ उतरत येतो
आणि मध्येच खळगा.
"इथे ऑक्सिजन उभा आहे, बाबा.
सहा इलेक्ट्रॉन गमावून बसलाय, दोन उरलेत.
उजेड त्याच्यातून आला, तेव्हा
त्याने आपला वाटा काढून घेतला."
"म्हणजे जकात."

"हो. पण हा नाका एका जागी नाही.
सेकंदाला नऊशे किलोमीटरनं आपल्याकडेच निघालाय."
ते हसतात, ठसका लागेपर्यंत.
चुकवणारे ट्रक धरायला घरतने एकदा
बांबूचा अडसर खांद्यावर घालून
थेट साकेतच्या पुलापाशी नेला होता.

मग एकदम,
"वाटेत दुसरा नाका नाही?"
आहे. आपल्याच आकाशगंगेचा वायू.
"मग आधी आपल्या हद्दीची पावती वजा कर.
आपण घेतलेलं दुसऱ्याच्या नावावर मांडू नये."

रात्री दीडला मी वजा करते.
खळगा उथळ होतो.
बुजत नाही, पण परवा मी गाइडला फोनवर
जेवढा सांगितला, तेवढा खोल नाही.

बाबा अजून जागेच.
"आणि पावती न फाडता सोडलेला?"
"असतो तसाही वायू. इतका तापलेला
की लोखंडाकडेसुद्धा एक इलेक्ट्रॉन राहत नाही.
तो काही घेतच नाही. उजेड आरपार.
असला तरी मला दिसणार नाही."

ते चष्मा पुसत राहतात.
"अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात मी एक टेम्पो सोडला.
बर्फाच्या लाद्या होत्या.
मागे एक पोरगा बसला होता, अनवाणी,
लाद्यांकडे बघत नव्हता."

खाली एक कंटेनर गिअर बदलतो.

कपाटातून जुनं पावतीपुस्तक काढून
बाबा दीर्घिकेचा क्रमांक विचारतात.
आकडे सावकाश लिहितात, तारीख घालतात.
खाली कार्बन सरकवायला विसरत नाहीत.