आकृती क्रमांक तीन

मी शोध लावत नाही. शोधांच्या आकृत्या काढते.
विंटरथूरला, रुळांपलीकडच्या इमारतीत,
एकतीस वर्षं.
सावली नाही, रंग नाही, चेहरा तर नाहीच;
काळी रेघ, एक आकडा,
आणि आकड्यापासून वस्तूपर्यंत नेणारी बारीक शेपटी.

सोमवारी दोन फायली आल्या, एकाच पाकिटातून.
पहिलीत दळणयंत्र: दोन रोलर, एकमेकांकडे तोंड करून,
एक घाईत, एक सावकाश,
मधली फट केसाहून बारीक,
आणि ती फट आता स्वतःच स्वतःला मोजणार.
दुसरीत विषाणूचं कवच. वीस फलकांचं.
त्याचं स्वतःचं जे काही होतं ते सगळं उपसून काढलेलं,
टरफल ठेवून दाणा काढावा तसं;
आत एकच जनुक, परक्याचं, घडी घालून.

वकिलांची भाषा मला पाठ आहे.
सदर रोलर, सदर फट,
सदर कवच, सदर पेशी,
सदर पेशीत सदर जनुक पोचते करण्याची पद्धत.
सदर म्हटलं की काहीच नवीन वाटत नाही,
आणि नवेपणासाठीच तर वीस वर्षांचं कुंपण.

माझे वडील, गिएरी काफ्लिश, पाणचक्कीवर होते.
दर पंधरवड्याला वरचा दगड उलथा करून
टाकी लावत बसायचे.
टाकीचं पोलाद उडून हातांत शिरायचं:
निळेकाळे ठिपके, कातडीखाली, कायमचे.
नवा माणूस कामाला आला की
ते कागद मागत नसत. म्हणत, हात दाखव.
आपल्या खाचांचा नमुना त्यांनी मागेल त्याला दिला.
एकदा तर पावाच्या कागदावर काढून,
पलीकडच्या खोऱ्यातल्या त्या माणसाला,
ज्याच्याशी ते अकरा वर्षं बोलत नव्हते.

बहिणीचा नातू लाउरिन. असंच एक कवच
झुरिकला त्याच्या शिरेत सोडलं, तासभर, थेंब थेंब.
एकदाच देतात.
दुसऱ्यांदा अंग त्या कवचाला ओळखतं, दारातच अडवतं.
आता तो चार वर्षांचा आहे. कठडा धरून जिना चढतो,
दर पायरीला थांबून मला बजावतो:
ही झाली.

बुधवारी चूक झाली.
दोन्ही फायलींत आकृती क्रमांक तीन, दोन्हींत आकडा चौदा.
पानं अदलाबदल होऊन गेली.
ब्रेंडलींचा फोन आला: काफ्लिश बाई,
तुमच्या विषाणूला गव्हाचं नरसाळं फुटलंय.
मी माफी मागितली. फोन ठेवला.
मग ते पान मजकुराशेजारी धरून वाचलं:
सदर कवच (१४) पेशीच्या पृष्ठाला चिकटते,
आणि चौदाची शेपटी थेट नरसाळ्यात.
हसू आलं. मग थांबलं.
वैरण कुणी घातली ते यंत्राला कळत नाही.
ती आत जाते, कुठेतरी, न दिसणाऱ्या जागी, फुटते.
पुढचं कुठल्याच आकृतीत नसतं.

आमच्यात एक रीत आहे:
जे आहे, पण ज्यावर आपला दावा नाही,
ते तुटक रेघेनं दाखवायचं.

वाया गेलेल्या पानाच्या पाठी मी जिना काढला.
सतरा पायऱ्या, कठडा,
कठड्यावर एक लहान हात. सगळं तुटक.
आकडा घालायला पेन टेकवलं,
तर माझ्याच अंगठ्याखालचा निळा ठिपका दिसला;
सहा वर्षांची होते, दगडाच्या फार जवळ उभी राहिले होते,
वडील ओरडले होते, आणि मग, मला वाटतं,
थोडे खूशही झाले होते.

आकडा घातला नाही.
दुपारी दुरुस्त पानं पाठवली.
दोन्ही चौदा आपापल्या जागी.