इतर

अपामच्या किनाऱ्यावर आमचं ऑफिस म्हणजे
बर्फाच्या कारखान्यामागची एक खोली,
पंखा एक, संगणक तीन,
भिंतीवर माशांचा तक्ता, दमटपणानं कोपरे वळलेला.
सोळा होड्यांवर एकेक बांबू
आणि प्रत्येक बांबूवर एक न मिटणारा डोळा.
मी दिवसभर चौकोन काढते.
माशाभोवती एक, जाळ्याभोवती एक.
यंत्र त्यातून शिकतं, म्हणे,
जसं आईनं मला भट्टीपाशी शिकवलं :
धूर निळा झाला की मासा उलटायचा.
मला एका चटक्यात कळलं.
याला चौदा हजार चित्रं लागली.

परवा त्यानं माझ्या बापाचा हात पकडला.
म्हणजे चित्रातला. जाळं ओढताना,
मनगटापर्यंत खवले चिकटलेला,
ओला, चंदेरी, तिरपा.
खाली लिहिलं : तारली, एकाहत्तर टक्के.
मी हसले. मग हसायचं थांबले.
त्या हाताला एक बोट कमी आहे,
ट्रॉलरच्या दोरानं नेलं, मी सहावीत असताना.
दुरुस्तीसाठी यादी उघडली :
मासा. जाळं. होडी. इतर.
हात असा शब्दच नव्हता.
मी बापाला 'इतर'मध्ये टाकलं.
घरी सांगितलं, तर म्हणाला,
'एकाहत्तर? तुझ्या गणितापेक्षा बरे.'

मंगळवारी तर त्याला काहीच दिसत नाही.
वाळूवर ओढलेल्या होड्या, जाळी सांधणारी माणसं,
सावली सरकेल तसं सरकणारं एक कुत्रं.
दर मंगळवारी अक्राहून तोच लाल प्रश्न :
माहिती आली नाही. कारण निवडा.
बिघाड. वादळ. आजारपण. इतर.
मंगळवार समुद्राचा आहे,
त्या दिवशी त्याच्या अंगावर कुणी वल्हं मारत नाही,
हे मी कुठल्या चौकटीत बसवू?
माझं नाव आराबा, म्हणजे मंगळवारची.
मावशी सांगते, तू झालीस
तेव्हा अख्खा गाव घरी होता.
लांब पाण्यात ट्रॉलरचे दिवे मात्र
मंगळवारीही असतात.
त्यांच्या कॅमेऱ्यांची काच
नेमकी रात्रीच धुक्यानं भरते.

आणि काल.
काल यंत्रानं चूक केली नाही.
बापाच्याच होडीत, फळीखाली,
टोपलीभर पिल्लं, करंगळीहून लहान,
त्याच चार बोटांनी गोणपाट ओढून घेतलेलं, जरा उशिरा.
सत्त्याण्णव टक्के. खात्री करा : होय, नाही.
इथे 'इतर' नव्हतं.
मला त्या जाळ्याची किंमत ठाऊक आहे,
इंजिनाच्या तेलाची उधारी कुणाकडे किती, तीही.
आणि हेही, की माझ्या लहानपणी
ताटाबाहेर शेपूट जाणारी तारली
आता ताटात शोधावी लागते.
पलीकडे बर्फ फुटत होता, लादीमागून लादी.
मी 'होय' दाबलं.

रात्री केंके, मिरचीचा ठेचा, दोन मासे.
बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.
तो बोलला नाही. मीही नाही.
आईनं उगाचच दिव्याची वात वर केली, खाली केली.
मग त्यानं ताटातला मासा उचलला,
तुटक्या बोटाच्या खुंटाला टेकवून
मनगटाच्या दिशेनं धरून पाहिला, सावकाश.
तळहाताच्या मध्यावरच संपला.
तसाच दिव्यासमोर धरून,
हात आणि मासा शेजारी शेजारी,
म्हणाला,
'आता विचार त्याला,
यातला मासा कुठला.'