कुटुंबाची व्याख्या

नियमावलीत, पान नऊवर:
एका भांड्यातलं जेवतात ते एक कुटुंब.
चोमाच्या प्रशिक्षणात हे वाक्य आम्ही
तीनदा एका सुरात म्हटलं,
मग जेवणाची सुट्टी झाली. न्सिमा होती, कोंबडी होती.

ग्वेम्बेच्या उतारावर ज्वारी
गुडघ्याएवढी होऊन पांढरी पडलीय.
विजेच्या तारा वरून जातात, खाली कुणाकडे न थांबता.
घर क्रमांक एक्केचाळीस, सियांकुंबाचं.
तो फेब्रुवारीपासून धरणाच्या तलावावर,
रात्री दिवे लावून कापेंटा मासळी धरणाऱ्या तराफ्यांवर.
इथे दोघी बायका.
थोरली चीलो, धाकटी लुयांडो.
धाकटी आली त्या वर्षी
दोघी एकमेकींच्या हातचं पाणी पीत नव्हत्या,
हे मला चाळीस नंबरनं न विचारता सांगितलेलं.
अंगणात दोन चुली. मध्ये सात पावलं.
दोन्हींवर धूर.

आधी चीलोकडे बसले.
गेल्या सात दिवसांत मका किती दिवस खाल्ला?
दोन.
घेवडा, शेंगदाणे?
नाही.
दूध?
तिनं रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं
आणि मला शून्य लिहायला वेळ दिला.
रानातलं काही?
चिंच. राख घालून उकळलेली, आंबटपणा मरेपर्यंत.
किती दिवस?
तू दिवस मोजतेस, ती म्हणाली, आम्ही झाडं मोजतो.
ओढ्याकडची तीन संपली.
रकान्यात झाडं बसत नाहीत. मी सात लिहिले.

मुलांना पुरावं म्हणून मोठ्यांनी घास कमी केला का?
कधीच नाही, कधीकधी, नेहमी.
ते लुयांडोला विचार,
ताटं तीच वाढते सगळ्यांची,
असं म्हणाली चीलो,
आणि जीभ चावली.

आता मला सात पावलांपलीकडे बघावंच लागलं.
त्या चुलीचे तिन्ही दगड गोरेपान,
एकालाही काजळी नव्हती.
काय शिजतंय?
पाणी, लुयांडो म्हणाली, माझ्या नजरेला नजर देऊन.
नदी गेल्यापासून पाणीसुद्धा शिजवावं लागतं.
मूनो, सहा वर्षांचा, वाटी घेऊन आला
आणि बरोबर मध्ये थांबला.
आज आपण कुठल्या घरचे
हे त्याला सकाळी पढवलं असणार,
ते तो विसरला होता.

कुटुंबामागे एक पोतं.
हे आम्ही सांगायचं नसतं. सांगावं लागतही नाही.

चूल वेगळी मांडली की घर फुटलं म्हणतात.
हे घर भुकेनं सांधलं होतं,
मी येणार म्हणून त्यांनी ते
पहाटे उठून, दगड वाहून, पुन्हा फोडलं होतं.

मी नवीन अर्ज उघडला. एक्केचाळीस-ब.
कुटुंबप्रमुख: लुयांडो.
तेच प्रश्न पुन्हा, पहिल्यापासून.
मका किती दिवस?
तिनं चीलोकडे बघितलंही नाही.
दोन.
घास कमी केला?
कधीकधी, ती म्हणाली.
मागून चीलो पहिल्यांदाच हसली: खोटं.
ही नेहमीच.

उठताना दोन्ही चुलींपाशी उभं राहून
ठिकाणाची नोंद घेतली.
यंत्रानं विचारलं: दोन्ही ठिकाणं एकच दिसतात. खात्री आहे?
अंतर पाच मीटर. संभाव्य चूक चार.
हो दाबलं.
शेवटचा प्रश्न मोठ्यानं वाचायचा नसतो:
उत्तरं विश्वासार्ह वाटली का?
तो रिकामा सोडता येत नाही.

बेचाळीसकडे वळताना मागे पाहिलं.
लुयांडो भांडं फडक्यात धरून
सात पावलं चालत होती, जपून,
आणि चीलोनं तिच्या भांड्यावरचं झाकण
आधीच उचलून धरलं होतं.