पाणी मुरतंय कुठं

सकाळी शंभर टक्के भरून निघते बेटावरून,
पोर्ट व्हिक्टोरियाच्या धक्क्याला होडी लागेतो चाळीस,
बाजार उठायच्या आत फोन गार.
अकेयो तो माझ्या टेबलावर ठेवते.
काचेवर ओमेनाचं एक रुपेरी खवलं तसंच चिकटलेलं.

शेजारच्या दुकानानं तिला नवी बॅटरी विकली होती.
रोग रेड्याला, इलाज पखालीला.
मी नखानं झाकण उघडलं,
बॅटरी फळीवर ठेवून बोटानं फिरवली.
फुगलेली असेल तर भोवऱ्यासारखी गरागरा फिरते.
ही अर्ध्या वळणात अडली.
म्हणजे हिचा दोष नाही.

मग नेहमीचं.
उजेड कमी केला.
पोरानं भरलेले तीन खेळ काढले,
आणि फोन साफ ठेवण्याचं ते ॲप,
झाडायला ठेवलेला गडी
पहिल्या पंगतीपासून जेवतच बसलेला.
ब्लूटूथ बंद केलं.
"ते निळं कशाला असतं?"
म्हटलं, तुझ्या कामाचं नाही.
पन्नास शिलिंग घेतले.

गुरुवारी ती परत आली.
बाजार उठल्यावर एक तास जास्त चालला, म्हणाली.
माझी बारा वर्षांची अक्कल, एक तास.

तेव्हा कुठं मी यादी उघडली, कुणी किती खाल्लं त्याची.
पडदा नऊ. गाणी चार. बोलणं दोन.
आणि सगळ्यात वर, मी ज्याला कधी धरतच नाही,
नेटवर्कची वाट पाहणं: एकसष्ट.
काही न करता.
नुसतं थांबण्यात.

बॅटरीखाली दुसऱ्या खाचेत एक सिम होतं,
युगांडाचं.
बेटावर आपला टॉवर दिसतो समोर, नारळाएवढा.
त्यांचा पाण्यापलीकडे,
हवा कोरडी असली तर एक काडी, नाहीतर तीही नाही.
फोनला ते पटत नाही.
तो रात्रभर सरोवरावर हाका मारतो,
उत्तर आलं नाही की आवाज चढवतो,
तेवढंच शिकवलंय त्याला.
आपल्यासारखंच, असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही.

"हे काढलं तर दोन दिवस पुरेल."
तिनं सिमवर अंगठा ठेवला.
"ह्या नंबरावर एकच माणूस फोन करतो."
करतो, म्हणाली.
"शेवटचा कधी केला होता?"
मापाचा डबा किती भरला ते सांगावं
तशी म्हणाली,
"ईस्टरला तीन वर्षं."

मी खोका उपसला.
तळाशी एक बटणांचा फोन सापडला,
पाचाचं बटण नसलेला,
आठवडाभर सहज चालणारा,
कारण त्याला दुसरं काही येतच नाही.
सिम त्यात बसवलं.
"पश्चिमेच्या खिडकीत टांग.
रविवारी चर्चला जाताना चार्जिंगला दे."
तिनशे सांगितले, दोनशे घेतले.

काम झालं की तपासून देतो मी, कुणाचंही असो.
ड्रॉवरात माझंही एक युगांडाचं सिम आहे, गिऱ्हाइकांसाठी.
नंबर लावला.

तिच्या हातात तो वाजला.
मी समोर, दोन हातांवर, कानाला फोन लावून उभा,
तिला दिसत होतो.
तरी ती स्क्रीनकडेच बघत राहिली.
तीन वेळा वाजू दिला,
पदराला हात पुसल्यासारखे किटेंग्याला पुसले,
मग हिरवं दाबलं.

"हॅलो," ती म्हणाली.
माझ्याकडे पाठ करून.

ह्याचं मला कुणी शिकवलेलं नव्हतं.
"ऐकू येतंय का?" मी विचारलं.
"येतंय," ती म्हणाली.
आणि थोडा वेळ दोघांनीही ठेवला नाही.
युगांडाचे दर, मिनिटाला अकरा शिलिंग,
माझ्या खात्यातून जात होते.