पाच मासे

डॉक्टर बोरवणकरांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलं:
लोणी, दिवसाला पाच ग्रॅम. शक्यतो तेही नको.
पाच ग्रॅम म्हणजे आमच्या भाषेत पाच मासे, वर एक गुंज.
ताटातले नव्हेत, ताजव्यातले.
एकतीस वर्षं झवेरी बाजारात बसतोय,
दागिना घासत, तोलत, उजळत;
मला कुणी पाच मासे शिकवू नयेत.
पण पाच मासे सोनं कुणाच्या तरी गळ्यात जाऊन बसतं,
पाच मासे लोणी
पावाच्या एका कोपऱ्यात संपतं.

शैलजानं मग तो डबा आणला.
झाकणावर हिरवं पान, एक धावणारी बाई,
‘निम्म्या कॅलरीज’ हे ठळक,
आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
पाणी, वनस्पती तेल,
घट्ट करणारं काहीतरी, पिवळं करणारं काहीतरी.
पेढीवरचं भिंग मी सहसा घरी आणत नाही.
त्या दिवशी आणलं.

कस लावून पाहिला. दगडावर नाही, तव्यावर.
लोणी आधी गप्प बसतं,
मग कडेनं फेस धरतं,
मग ठाकुरद्वारच्या आमच्या दीड खोलीत
शेजारच्या रेवणकरांनाही कळतं की आज काहीतरी आहे.
हे मात्र तडतडलं, थुंकलं,
आणि पाणी पाणी झालं,
झाडणीत कण लपवताना सापडलेल्या पोरासारखं.

मी हसलो.
शैलजा नाही हसली. पदराला हात पुसले तिनं,
बांगड्या वाजल्या.

तो आवाज मला ठाऊक आहे.
निशिगंधाच्या कॉलेजच्या वर्षी
चार खऱ्या गेल्या, माझ्याच शेठच्या तिजोरीत.
या मी केल्या. तांब्यावर मुलामा,
रात्री उशिरा, सगळे कारागीर गेल्यावर.
पुढे पाटकरांच्या लग्नात बायका म्हणाल्या, काय झळाळी!
ती म्हणाली, ह्यांच्या हातच्या आहेत.
खोटं नव्हतं ते.
तेरा वर्षं झाली. घामानं मुलामा उतरतो,
दिवाळीआधी मी पुन्हा चढवतो,
आणि ती हात पुढे करते, काही न विचारता.

दुधाची तहान ताकावर, म्हणतात लोक.
ताकाला कुणी विचारलंय?

तर निमूट खाल्लं मी.
चव लागेना म्हणून अजून जरासं,
आणि पाप नाही म्हणून अजून जरासं,
आठव्या दिवशी सुरी डब्याच्या तळाला लागली.
लोण्याची वडी महिना पुरायची आम्हाला.
शैलजानं बोटांवर हिशेब केला,
मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर,
मग डबा धुऊन त्यात मोहरी भरली.
धावणारी बाई आता फोडणीजवळ धावते.

रविवारी मी भुलेश्वरहून आणतो
पानात बांधलेलं पांढरं लोणी, अगदी थोडं,
आणि माळ्यावरून आजोबांचा पितळी काटा काढतो.
एका पारड्यात एकेचाळीस गुंजा,
लाल, काळ्या डोळ्याच्या, मोजून.
दुसऱ्यात केळीच्या पानाचा तुकडा आणि वर ते.
(पानाचं वजन वजा करतो. सवय आहे.)
काटा थरथरतो, आम्ही दोघं श्वास धरतो,
पंखा बंद.
डॉक्टरांनी तिला काहीच सांगितलेलं नाही,
तरी ती मधोमध सुरी फिरवते.
रेघ तिरकी जाते दर वेळी.
मोठा तुकडा कुणाच्या पावावर गेला
यावर आमच्यात बोलणं होत नाही.

गुंजा आता तेलकट झाल्यात.
परवा एक निसटली बोटातून,
कपाटाखाली गेली की मोरीत, कळेना.
मी गुडघे टेकून, बॅटरी लावून शोधत राहिलो.
शैलजा पाव चावत म्हणाली,
राहू द्या हो,
आपण काय सोनं तोलतोय?